भातात मीठ कधी घालावं?

गोव्यातल्या नवख्रिस्ती मंडळींसाठी थोडा व्यवहारी सल्ला. साल 1736.

आधी भात. आधणातच मीठ टाका. भात अळणी शिजवून मीठ मागाहून घ्यायचं ही हिंदूंची रीत, आणि यंदाच्या एप्रिलात इन्क्विझिशनच्या, म्हणजे पाखंड हुडकणाऱ्या चर्चच्या न्यायालयाच्या, फर्मानानं ती स्पष्ट शब्दांत बंद केली आहे. शेजारीण विस्तव मागायला आली, की दोन शितं तिच्या हातावर ठेवा. साक्षीदार जवळचा असलेला बरा. दारची तुळस तर कालच उपटायला हवी होती. पुडवें, म्हणजे धोतर, नेसू नका, बायकोला चोळी घालू देऊ नका. मुलीच्या लग्नात हळद नको, विडे नकोत, गाणी नकोत. लग्न तेवढं लावायला हरकत नाही.

इतकं करूनही ‘व्हडल्या घरा’चं, म्हणजे इन्क्विझिशनच्या वाड्याचं, बोलावणं आलंच, तर जुन्या गोव्यातला आदिलशाही वाडा बघायला मिळतोय म्हणून खुशीत जा. 1560 पासून न्याय होतो तो इथेच. चुगली कुणी केली हे सांगायची पद्धत नाही, आणि आरोप काय तेही लगेच सांगत नाहीत. उलट तुम्हालाच विचारतात, ‘इथे का आणलंय, ठाऊक आहे?’ तेव्हा घरूनच चार गुन्हे आठवून निघा. काही केलं नाही म्हणालात तर हट्टी ठराल, थोडंच सांगितलंत तर लबाड. मालमत्तेची मात्र ते अगदी आपुलकीनं चौकशी करतात, लगेच यादीही करून घेतात.

शार्ल देलों हा फ्रेंच वैद्य दमणला आपणहून सगळं सांगून आला होता. 1673 मध्ये त्याला धरलं, आणि पुढे गोव्याच्या कोठडीत दोन वर्षं ठेवलं. मरून सुटू म्हणाल, तर तोही उपाय नाही. औषधी वनस्पतींवर ग्रंथ लिहिणारा गार्सिया द ओर्ता 1568 मध्ये वारला. 1580 मध्ये त्याची हाडं उकरून जाळली.

शेवटी शिक्षा जाहीर करायची मिरवणूक. त्या दिवशी अंगावर घालायला देतात त्या झग्यावर ज्वाळा रंगवलेल्या दिसल्या, तर टोकं नीट बघा. खाली वळलेली असली तर जीव वाचला. गलबतावर वल्ही मारायची की हद्दपारी, ते नंतर कळेल. वर असली आणि मधोमध तुमचंच चित्र काढलेलं असलं, तरी धीर सोडू नका. पाद्री रक्त सांडत नाहीत. ते दयेची शिफारस करून तुम्हाला सरकारी माणसांच्या हवाली करतात. लाकडं त्यांच्याकडे असतात.