शकुंतलेची पट्टी सलग राहावी म्हणूनच : दारव्ह्याच्या वाचकांना उत्तर

भाऊ, नमस्कार.

शकुंतला या आपल्या छोट्या गाडीच्या बंद पडलेल्या मूर्तिजापूर-यवतमाळ लाइनवर पायी आणि सायकलने जायचा मार्ग करावा, या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत : "आम्ही ब्रॉडगेजसाठी भांडतोय आणि तुम्ही शकुंतलेचे रूळ काढून शहरातल्या हौशी लोकांना फिरायची सोय करताय. 45 डिग्रीत सायकल कोण चालवणार?" तुमचा राग मला समजतो. लेखात मी पर्यटनावर पानभर लिहिलं आणि गावच्या माणसाला काय मिळेल ते दोन ओळींत उरकलं. ते चुकलंच.

आधी रुळांचं. शकुंतलेच्या दोन रुळांमधलं अंतर अडीच फूट, 762 मिलिमीटर. ब्रॉडगेजमध्ये ते 1676 मिलिमीटर. उद्या काम सुरू झालं तरी आजचे रूळ आणि स्लीपर त्याला लागणार नाहीत. लागेल ती सलग जमीन, आणि नेमकी तीच हातची जात आहे. दिवाळीनंतर कारंज्याहून दारव्ह्याच्या दिशेने लाइनीने चालत गेलो. एका ठिकाणी जेसीबीने भराव फोडून ट्रॅक्टरला वाट केलेली. पुढे खालची गिट्टी उचलून नेल्यामुळे रूळ अधांतरी लोंबत होते, तर आणखी पुढे तुरीची ओळ थेट रुळाला टेकलेली. शेताचा धुरा, म्हणजे बांध, दरवर्षी वीतभर सरकतो, हे तुम्हाला मी काय सांगावं? दहा वर्षांनी मंजुरीचा कागद आला तर गाडी टाकायची कुठे?

अमेरिकेत याच भीतीतून 1983 साली कायद्यात तरतूद झाली. बंद लाइनीची जमीन तुकड्यांत विकायची नाही, तिच्यावर चालण्या-सायकलीचा मार्ग करायचा, आणि रेल्वेला गरज पडली की ती परत द्यायची. काही ठिकाणी अशी लाइन पुन्हा सुरूही झाली. मला आपल्याकडे हीच अट हवी आहे, पहिल्याच ओळीत, लेखी. ब्रॉडगेजवरचा हक्क सोडायचा असता तर मी या भानगडीत पडलोच नसतो. तिकडे वर्ध्याहून कळंबपर्यंत 2024 मध्ये गाडी आली, आणि ती वर्धा-यवतमाळ-नांदेड लाइन पुढे तुमच्या दारव्ह्यातूनच जायची आहे. कारंज्याच्या वाट्याला मात्र आज शकुंतलेची ही पट्टीच आहे.

आता "शहरातले हौशी". आमच्या शेजारची पोर नववीत आहे. शाळा साडेचार किलोमीटरवर. पावसाळ्यात पांदण रस्त्याने निघाली की टायर आणि मडगार्डच्या मधे काळी माती गच्च बसते, चाक फिरतच नाही. मग ती सायकल आडवी पाडते, पऱ्हाटीच्या काडीने माती खरवडते, पुन्हा निघते. शाळेत पोचेपर्यंत तीनदा. डांबरी रस्त्याने जावं तर मागून ट्रक. आणि पांदणीला समांतर, दीडशे पावलांवर, शकुंतलेचा भराव भर पावसात कोरडा उभा असतो. कापूस न्यायला इंग्रज कंपनीने काळ्या मातीत एवढी उंच, पाणी निथळणारी वाट बांधली. इंजिनाला चढ सोसत नाही म्हणून उतारही इतका हलका ठेवला की म्हाताऱ्या माणसालासुद्धा सायकल रेटावी लागू नये. त्यावर मुरूम टाकून रोलर फिरवायचा, पुलांवर फळ्या आणि कठडे लावायचे. ही वाट मला त्या पोरीसाठी हवी आहे.

उन्हाचं म्हणाल तर आपला माणूस मे महिन्यात सकाळी आठच्या आत शेतातली कामं आटोपतो, तसाच चालेलही. कडुनिंब लावावेच लागतील.

हे सगळं सलग असेल तरच अर्थ आहे. गावाबाहेर दोन किलोमीटरचा ट्रॅक करून फीत कापली, तर मी तुमच्या बाजूने उभा राहून विरोध करीन. मूर्तिजापूरहून एक फाटा यवतमाळला 113 किलोमीटर, दुसरा दर्यापूर, अंजनगाववरून अचलपूरला सुमारे 76. त्या वाटेवर शाळा, बाजार, दवाखाने आहेत, आणि कारंज्याला पायी येणारे दत्तभक्तही. न्यूझीलंडच्या ओटागोमध्ये 1990 साली बंद पडलेल्या लाइनवर 2000 मध्ये सुमारे 150 किलोमीटरचा मार्ग झाला. तिथल्याही शेतकऱ्यांनी आधी विरोध केला होता. आज त्याच गावांतली बंद पडलेली घरं वाटसरूंना मुक्कामाला देतात. अंजनगावच्या बाईने भाकर-पिठल्याचे पैसे घेतले तर मला आनंदच होईल, पण ते नंतर.

लाइनीची मालकी कोणाची, हा तुमचा प्रश्न मात्र खरा अवघड. बाकी रेल्वे सरकारजमा झाली तरी ही लाइन कंपनीच्याच नावावर राहिली. त्यामुळे ग्रामसभांचे ठराव आधी हवेत, आणि दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांना भराव ओलांडायची वाट त्या ठरावातच लिहून द्यायला हवी. जेसीबी लावणाऱ्याचीही अडचण होतीच. त्याला दुसरी वाट नव्हती.

तुम्ही पोळ्याच्या आधी कारंज्याला या, चिखल असतानाच. जाताना पांदणीने जाऊ, येताना भरावावरून येऊ. ठरावाचा मसुदा मी काढून ठेवतो, ब्रॉडगेजची अट तुमच्या शब्दांत घालू.