पैसे देऊन वल्हं मारायचं?

मागच्या आठवड्यात फेसबुकच्या मार्केटप्लेसवर ओळखीच्या माणसाची कयाक, म्हणजे वल्हवायची छोटी निमुळती होडी, विकायला दिसली. हवा भरायची, निळी, 'फक्त ४ वेळा वापरली'. २०२० च्या उन्हाळ्यात इथं कॅनडात, ओंटारियोत, कोविडमुळे बरंच काही बंद होतं आणि पाण्यावर जायला मात्र कुणाची ना नव्हती, तेव्हा आमच्या मराठी ग्रुपातल्या पाच घरांनी अशाच घेतल्या होत्या, दुकानात स्टॉक संपलेला, लोक वेटिंगवर. आज त्यातली एकच पाण्यात जाते.

तेव्हा पहिला फोटो मी गावी पाठवला. आमचे थोरले काका मालवणकडचे, तरुणपणी रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या, होडीवर वल्हं मारायचे. काका म्हणाले, "पैशे देवन होडी वल्हवूक जातस? खुळो झालस काय रे!"

हसलो, पण ते डोक्यात राहिलं. काकांच्या हातांना त्या काळात घट्टे होते, होडीला इंजिन आलं तेव्हा कुणी हळहळलं नाही, सुटलो म्हणाले. हे इथंही तसंच. फरच्या, म्हणजे जनावरांच्या केसाळ कातड्यांच्या, व्यापाराच्या काळात मोठ्या कनूंवरचे (कनू म्हणजे वरून उघडी, वल्ह्याची लांब होडी) मजूर ९० पौंडांची दोन-दोन गाठोडी पाठीवर घेऊन तळ्यातून तळ्यात चालत जायचे, मजा म्हणून नाही. आज अल्गॉन्क्विन पार्कात लोक सुट्टी टाकून, भाडं भरून तीच कनू उलटी खांद्यावर घेतात आणि चिखलातून चालतात, त्याला पोर्टेज म्हणतात, आणि वर डास चावतात ते वेगळंच. ग्रीनलंडमध्ये सीलची शिकार करायला माणूस आपल्या मापाची कयाक बांधायचा, मग मोटरबोटी आल्या आणि ती मागं पडली, आणि १९८० च्या दशकात तरुण पोरांनी क्लब काढून ती परत पाण्यात आणली, आता तिथं स्पर्धा होतात. म्हणजे हाताचं काम सुटल्यावर मधे थोडा काळ जावा लागतो, मग हौस येते. काकांच्या बाबतीत तो काळ गेलाच नव्हता. माझ्या बाबतीत गेला होता, मी आयुष्यात कधी पोटासाठी वल्हं धरलं नाही.

पण मग बाकीच्या चार घरांनी का सोडलं? मला नाही वाटत आवड कमी पडली. एक जण अकराव्या मजल्यावर राहतो. लिफ्टनं कयाक खाली, गाडीत, तास-दीड तास ड्राइव्ह, पंपानं हवा भरा, प्रत्येकाला लाइफजॅकेट, शिट्टी, १५ मीटरची दोरी घ्या, मग पाण्यात चाळीस मिनिटं, मग परत सगळं वाळवा नाहीतर वास मारतो. आमच्यातल्या निम्म्या लोकांना पोहता येत नाही हे कुणी मोठ्यानं बोलत नाही, पण मे महिन्यात ऊन पडलं तरी पाणी बर्फासारखं असतं, त्या भीतीत चूक काहीच नाही. त्यात भारतातून आईवडील आले की उन्हाळ्याचे शनिवार-रविवार गेलेच. काकांची होडी घराच्या मागच्या वाळूत असायची. एवढाच फरक आहे हो, पण तो फार मोठा आहे.

जी एक टिकली ती आमची, आणि माझ्यामुळे नाही. बायकोला दर मंगळवारी ऑफिसनंतर जाणाऱ्या बायकांचा एक ग्रुप सापडला, तळं दहा मिनिटांवर, क्लबच्या कनू तिथंच शेडमध्ये. ती रिकाम्या हातानं जाते. मी दोन वर्षांत बहाणे काढून बंद केलं होतं, तिच्या मागोमाग परत सुरू केलं. हवेची कयाक मुलं काठावर वापरतात.

गेल्या महिन्यात काकांना व्हिडिओ पाठवला, बायको पुढं, मी मागं. आता देवबागला त्यांचाच नातू टुरिस्टांना कयाक भाड्यानं देतो, त्यामुळे खुळो वगैरे काही म्हणाले नाहीत. दोनदा बघितला आणि म्हणाले, ती बरोबर बसली हा, तू मात्र पाणी नुसता ढवळतस.