कोण कुठे झोपतं, हे कुणाला ठाऊक आहे?

जपानमधल्या कोबे शहरात आमच्या आळीचा वर्षातून एकदा आपत्तीचा सराव होतो. रविवारी सकाळी प्राथमिक शाळेच्या मैदानावर सगळे जमतात, गाडीच्या जॅकने तुळई कशी उचलायची ते शिकतात. मग समितीच्या आजी वही उघडतात. आळीत एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची नावं, आणि प्रत्येकापुढे धावून जाणारे दोन शेजारी. यंदा माझ्या वाट्याला ८२ वर्षांच्या काकू आल्या. त्यांनी मला घरात नेऊन अंथरूण दाखवलं. "इथे झोपते मी. डोकं खिडकीकडे."

१७ जानेवारी १९९५ ला पहाटे ५:४६ वाजता इथे भूकंप झाला, ६,४३४ माणसं गेली. ढिगाऱ्यातून जिवंत निघालेल्यांतल्या बहुतेकांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच काढलं. समोरच्या आवाजी बेटावर होकुदान नावाच्या गावात तर गावकऱ्यांनी आणि गावच्याच स्वयंसेवक अग्निशमन दलाने सुमारे ३०० जणांना बाहेर काढलं. कोणत्या घरात कोण कुठल्या खोलीत झोपतं हे त्यांना तोंडपाठ होतं, म्हणून नेमकं तिथेच खणलं.

मी चिपळूणचा. २२ जुलै २०२१ ला तिथे पूर आला तेव्हा दादाचा फोन आला, "पाणी जिन्याच्या पाचव्या पायरीवर आलंय." मग दीड दिवस फोन बंद. पलीकडचे आजोबा वाचले ते मंडळातल्या पोरांमुळे. मागची खिडकी फोडून त्यांनी त्यांना उचललं. आजोबा मागच्या खोलीत असतात हे त्यांतल्या एकालाच माहीत होतं, कारण तो रोज दूध टाकायचा. तो त्या दिवशी गावाला गेला असता तर? पुण्याजवळून निघणाऱ्या एनडीआरएफने (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाने) बुडालेल्या रस्त्यांतून किती लवकर पोचावं?

गावी चर्चा असते ती वाशिष्ठी नदीतल्या गाळाची, कोळकेवाडी धरणाच्या पाण्याची, नदीकाठच्या बांधकामाला मर्यादा घालणाऱ्या निळ्या-लाल पूररेषेची. या मागण्या रास्त आहेत, त्यांचा पिच्छा सोडू नये. पण वहीचा विषय काढला की दादा म्हणतो, "ते सरकारचं काम. आपण केलं तर ते हात झटकतील." ही भीती मला खोटी वाटत नाही. तरी गाळ निघेपर्यंतही पाऊस पडणारच आहे, आणि पहिले काही तास आळीचेच असतात, मग सरकार कितीही चांगलं असो. २०२४ च्या पहिल्याच दिवशी इथल्या नोतो द्वीपकल्पात भूकंप झाला, दरडींनी रस्ते तुटले आणि जपानमध्येसुद्धा कितीतरी गावं एकटी पडली.

दादाचा दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: एकट्या म्हाताऱ्यांची यादी चोराच्या हाती लागली तर? म्हणूनच इथे वही दोघांकडेच असते, कुलपात, आणि ज्याची इच्छा नाही त्याचं नाव लिहीत नाहीत.

इथल्या सरावात पन्नाशीच्या आतले आम्ही चौघं. आळीत वाकू शकणारी माणसंच कमी उरलीत. चिपळुणात मंडळाची तीस पोरं एका हाकेत जमतात. शिमग्याला पालखी प्रत्येक दारात जाते, खांदा देणाऱ्याला प्रत्येक उंबरा माहीत असतो. माहिती आहेच. ती एका पोराच्या डोक्यात राहू नये, एवढंच मी मागतोय.

यंदा शिमग्याला मी येतोय. पालखीनंतर आळीत फिरायला दादा तयार झालाय. पहिलं पान आईचं: माडीवर, पूर्वेची खोली, गुडघ्यांमुळे जिना एकटीला उतरता येत नाही. तिच्यापुढे दोन शेजाऱ्यांची नावं अजून लिहायची आहेत.