ऑगस्टमधले बोलोन्या
ऑगस्टमध्ये इटलीतील शहरे ओस पडतात, तेव्हा तिकडे जाण्यात अर्थ नाही, हे लेखातील विधान पटले नाही. माझे वडील बोलोन्यात राहतात आणि मी मुद्दाम याच महिन्यात त्यांच्याकडे जाते. 15 ऑगस्टच्या फेर्रागोस्तो या उन्हाळी सणाच्या सुमारास बरेच दुकानदार दारावर सुट्टीच्या तारखांची चिठ्ठी चिकटवून समुद्राकडे पळतात हे खरे, पण मागे उरलेली वयस्कर मंडळी तेव्हाच निवांत भेटतात. उन्हाचा चटका बसण्याआधी बाबा टेकडीवरच्या सान लुका चर्चकडे नेणाऱ्या 666 कमानींखालून वर चढतात, मी धापा टाकत मागे. उतरल्यावर कॉफी मात्र काउंटरशी उभ्यानेच, कारण टेबलाशी बसले की तीच महाग पडते, हे त्यांच्यातल्या पुणेकराने केव्हाच हेरले आहे. दोन दिवसांत शहर उरकणाऱ्यांना लेखातील सल्ला ठीक असेल. ज्यांचे आईवडील तिथे आहेत, त्यांनी तो मनावर घेऊ नये.