निर्दोष सुटलात? मग नक्कल आणा!

"निर्दोष सुटलाय ना, मग कशाला घाबरतोस?" म्हणणाऱ्यांनी एकदा चारित्र्य पडताळणीचा अर्ज भरून बघावाच. वर्गणीवरून झालेल्या हाणामारीत आमच्या भाच्यावर तेव्हाच्या भारतीय दंड संहितेची ३२३, ५०४, ५०६ ही कलमं (मारहाण, अपमान, धमकी) लागली होती. कोर्टाने सोडलं, पेढे वाटून झाले. तरी नोकरी बदलली की तोच जुना गुन्हा वर येतो आणि शेरा पडतो, 'गुन्हा दाखल'. पुढे निकालाचा रकाना कोरा! मग हवालदारसाहेब मान वर न करता म्हणणार, "निकालाची नक्कल आणा." अहो, मागच्या वेळी सही-शिक्क्याची दिली होती, ती काय रद्दीत गेली?

प्रौढाचा रेकॉर्ड पुसायचा सरळ कायदाच नाही आपल्याकडे. अल्पवयीन असेल तर बाल न्याय कायदा, २०१५ चं कलम २४ आहे. दोषी ठरल्यामुळे नोकरी वगैरेसाठी येणारी अपात्रता सहसा जाते, नोंदही नष्ट करायची तरतूद आहे. दोषी ठरून प्रोबेशनवर, म्हणजे चांगल्या वागणुकीच्या हमीवर सुटला, तर १९५८ च्या प्रोबेशन कायद्याचं कलम १२ त्याला अपात्रतेतून वाचवतं. आणि ज्याने काही केलंच नाही, त्याने? वकील लावा, हायकोर्टाच्या पायऱ्या झिजवा. परवडतं कुणाला?

वर सरकारी नोकरीच्या फॉर्मात प्रश्न असतोच: पूर्वी गुन्हा दाखल झाला होता का? लपवलं तर नोकरी जाऊ शकते. खरं लिहिलं तरी घ्यायचं की नाही ते साहेबांनी ठरवायचं; सुप्रीम कोर्टानेच २०१६ मध्ये तशी मुभा दिलीय. घ्या, बसा नकला काढत!