‘डायमंड कोटिंगचे बर टिकत नाहीत’ या अभिप्रायाला आमचे उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपला अभिप्राय आम्ही लक्षपूर्वक वाचला आणि त्यासोबतची छायाचित्रे मोठी करून पाहिली. दातांच्या टोप्या (क्राउन) घडवणाऱ्या आपल्या लॅबने टिकाऊ म्हणून घेतलेले डायमंड कोटिंगचे बर (मिलिंग मशीनमध्ये फिरून कापणारी बारीक हत्यारे) झिर्कोनिया या सिरॅमिकवर लवकर बोथट झाले, 0.6 मिमीचा बर काम चालू असतानाच तुटला आणि अर्ध्या किमतीतले ‘डायमंड’ बरही तेवढेच चालतात, असे आपले म्हणणे आहे. ऐन कामात मशीन थांबले की लॅबचे सगळे वेळापत्रक कोलमडते, त्यामुळे आपला राग आम्हाला समजतो.

आपल्या छायाचित्रात 2 मिमीच्या बरच्या टोकाला एका बाजूचे करडे कोटिंग पूर्ण उडून आतले चकचकीत कार्बाइड, म्हणजे बरचा मूळ कठीण गाभा, दिसते आहे, तर दुसऱ्या बाजूची धार जवळजवळ नव्यासारखी आहे. कोटिंगच कच्चे असते, तर ते साधारणपणे सगळ्या धारांवरून गेले असते. एकाच बाजूची झीज दिसते तेव्हा बर फिरताना डोलतो आहे, अशी शंका आधी घ्यावी लागते. याचे मूळ बहुतेक वेळा कोलेटमध्ये, म्हणजे बर पकडणाऱ्या मशीनच्या चिमट्यात, सापडते, कारण कोरड्या मिलिंगमध्ये उडणारी झिर्कोनियाची पिठासारखी भुकटी कोलेटच्या फटींत साचते, शँक (बरची दांडी) सरळ पकडली जात नाही आणि दोन-तीन धारांनी वाटून घ्यायचा भार एकट्या धारेवर पडतो. बर कितीही चांगला असला तरी अशा पकडीत तो टिकणार नाही.

0.6 मिमीच्या बरबद्दल आमचे मत स्पष्ट आहे: बारीक बर तुटला की आधी त्याच्या अगोदर चालणारा मोठा बर तपासावा. मोठ्या बरची धार गेली की तो नेमून दिलेले सगळे मटेरियल काढत नाही. उरलेला थर बारीक बरच्या वाट्याला येतो आणि तेवढा भार त्याला पेलवत नाही.

आता स्वस्त बरविषयी. बाजारात डीएलसी (डायमंड-लाइक कार्बन) आणि सीव्हीडी (केमिकल व्हेपर डिपॉझिशन, म्हणजे वायूतून थर वाढवण्याची पद्धत) ही दोन्ही कोटिंग ‘डायमंड’ या एकाच नावाने विकली जातात. डीएलसी हा हिऱ्याच्या गुणांशी मिळताजुळता, पातळ कार्बनचा थर असतो. सीव्हीडीमध्ये कार्बाइडवर प्रत्यक्ष हिऱ्याचे स्फटिक वाढवलेले असतात आणि झिर्कोनियाच्या घासण्यापुढे तेच जास्त तग धरतात. म्हणून विक्रेत्याला कोटिंगचा प्रकार विचारावा आणि तो लेखी घ्यावा, मग तो विक्रेता आम्ही असलो तरीही.

त्याच बरने पीएमएमए या प्लास्टिकचे तात्पुरते क्राउनही काढता, असे आपण ओघात लिहिले आहे. हे कृपया थांबवावे. सीव्हीडीच्या जाडीमुळे धार किंचित गोलसर होते. झिर्कोनियाला ते चालते, पण पीएमएमए कापले जाण्याऐवजी तापते, वितळते आणि बरला चिकटते. त्यासाठी कोटिंग नसलेला, एकाच धारेचा कार्बाइड बर घ्यावा; तो स्वस्तही पडतो. कोबाल्ट-क्रोम या मिश्रधातूवर तर हिऱ्याचे कोटिंग मुळीच वापरू नये, कारण उष्णतेत हिऱ्यातला कार्बन त्या धातूत जिरतो आणि कोटिंग झपाट्याने संपते.

बर मोडेपर्यंत चालवणे म्हणजे टिकाऊपणा, असे आम्ही मानत नाही. सिंटरिंगमध्ये (भट्टीत भाजताना) झिर्कोनिया सुमारे 20 टक्के आकसतो, पण बोथट बरने मार्जिनवर (क्राउनच्या काठावर) उडालेला टवका त्यात भरून निघत नाही. मार्जिन खडबडीत दिसू लागले किंवा नेहमीच्याच सेटिंगवर क्राउन घट्ट बसू लागले, की बर बदलावा.

आपण कोलेट साफ करून आणि शँक पुसून नवा बर लावावा व तो फक्त झिर्कोनियावर चालवावा. तरीही झीज एकाच बाजूने झाली, तर स्पिंडल (बर फिरवणारा मशीनचा दांडा) तपासून घ्यावे लागेल. झीज सगळ्या धारांवर सारखी पण वेळेआधी झाली, तर दोष आमच्या मालाचा समजून आम्ही बर विनामूल्य बदलून देऊ. त्यासाठी वापरलेला बर न पुसता, आहे तसा परत पाठवावा.