माया लिहिली, कारभार राहिला
छोट्या गावात राहून सगळ्या घराचा आधार झालेल्या आजींवरचा लेख मनापासून आवडला. पण त्यात माया भरभरून आहे, त्यांचा कारभार मात्र दोन ओळींत उरकलाय. कोणाचं शिक्षण आधी, दागिने कधी मोडायचे, अबोला धरलेल्या भावांना एकत्र कसं आणायचं, हे ठरवत कोण होतं? त्याच ना! २०१९च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांची रोजची सरासरी २९९ मिनिटं त्यात जातात, पुरुषांची ९७, असं आढळलं. मनात सतत चालणारी जुळवाजुळव कुठल्या मिनिटांत धरायची? २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अपघात भरपाईच्या प्रकरणात गृहिणीच्या कामाचं आर्थिक मोल मान्य केलंय. त्या घराच्या कागदांवर आजींचं नाव आहे का, तेही कृपया लिहा.